अर्धवट डाव

"काका, सगळं करून पाहिलं. टॅबवरचा कॅरम उघडतच नाही, परवानगी नाही म्हणतोय," दुरुस्तीला आलेली रेवती म्हणाली.

दिगंबरराव खुर्चीतच चुळबुळले. पत्नी वत्सलाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. जाण्याआधी त्यांचं मन या खेळात उतरवून घेतलं होतं. रोज संध्याकाळी त्या पलीकडून खेळायच्या, बोलायच्या.

रेवतीने नोंदी उघडल्या आणि तिचा आवाज उतरला.

"काका, परवानगी काकूंनीच काढून घेतलीय. तुम्ही डाव मध्येच बंद करायचात? मग त्याही तिथल्या तिथे बंद पडायच्या."

"हरायला लागलो की. पूर्वीही मी सोंगट्या उधळून द्यायचो. ती हसायची."

रेवतीने काकूंनी लिहिलेलं कारण हळू वाचलं.

"दर वेळी मला पुन्हा मरावं लागतं."