नाजूक फ्यूज

जावयाने बॅटरीवरून वायर ओढून, मधे फ्यूज घालून, होडीत मासे दाखवणारं मशीन बसवलं आणि हौशीरामभाऊंची मान त्या पडद्यावरून हलेनाशी झाली. वल्हं मारता मारता नंदाबाईंनी बोलायचं तरी कुणाशी? मग पवना धरणाच्या मधोमध रोज फ्यूज उडू लागला.

"ग्येला वाटतं परत," भाऊ म्हणाले.

"लय नाजूक बाई!" म्हणत नंदाबाईंनी पायाशीच्या बॅटरीच्या वायरीतून काढलेला फ्यूज हळूच कनवटीला लावला. की गप्पा सुरू. लेकीच्या, भाताच्या, शेजारणीच्या.

तंबाखू काढताना भाऊंच्या खिशातून नव्या फ्यूजांचं पाकीट पडलं. फोडलेलंसुद्धा नव्हतं.

"आवं, ह्ये काय?"

भाऊंनी ते परत खिशात सारलं. "तू वल्हव गं. तर काय म्हनत हुती ती शेजारीण?"