दोन बोटांची ढील

दर रविवारी शिंपी बायकोच्या कमरेला टेप लावायचा. ती आजारी पडल्यापासून त्यानेच हा परिपाठ ठेवला होता. "किती भरली?" ती विचारायची. "तीस. तसूभरही फरक नाही," तो सांगायचा, आकडा बघायला कपाळावरचा चष्मासुद्धा खाली ओढायचा नाही. आजही कमरेभोवती टेप गुंडाळून तो म्हणाला, "तीसच! आहे तश्शी आहेस." ती थकलेलं हसली. "अहो, शिंप्याची बायको आहे मी. कपडा आवळू नये म्हणून टेपखाली दोन बोटं घालतात. आज तुमची अख्खी मूठ आत आहे." त्याने मूठ तशीच आत ठेवली. "आपण दोघांनी तीस म्हटलं म्हणून कंबर तीस राहते होय? दमले हो मी, तुमचं खोटं सांभाळून. निदान गाऊन तरी माझ्या मापाचा शिवा." त्याने मूठ काढली. टेप आवळता आवळता हाडांना टेकली. मग त्याने चष्मा खाली ओढला.