पुरी बत्तिशी

दंतवैद्यकाच्या शेवटच्या परीक्षेत कवळी करून दाखवायची, तर बोळक्या तोंडाचा रुग्ण ज्याचा त्यानंच आणायचा. उल्हासच्या मुळगावच्या मावशीचे सहा दात शिल्लक होते, तेही घट्ट. उपटले तर सहा दात काढल्याची नोंदही परीक्षेसाठी लागणाऱ्या कामांच्या त्याच्याच वहीत पडणार होती.

"मावशे, सहा दात घेवन काय करतलंस? पुरी बत्तिशी देतंय!"

"अजून ऊस सोलतंय रे ह्यांनी," शेवंतीमावशी म्हणाली. पण भाचा डॉक्टर होणार म्हणून तिनं तोंड उघडलं.

परीक्षेत मेणात बसवलेले दात तोंडात घालून दाखवतात. ते छान बसले, उल्हास पास झाला. "पक्की कवळी करून आणतंय," म्हणून तो ते घेऊन गेला.

सहा महिने मावशी पेजेवर राहिली. शेवटी उल्हासच्या आईनं विचारलं, "माझ्या भैणीचे दात खंय रे?"

"आये, आताच दिले तर पुढच्या वर्षी आपल्या सुलूनं परीक्षेक कोणाक न्यायचं?"

उल्हासची बहीण सुलू आणि तिच्यामागून धाकटा भाऊही त्याच कॉलेजात होता. आईनं बोटांवर वर्षं मोजली.

"मगे धाकट्याची परीक्षा होयपर्यंत तिका तशीच ऱ्हवांदे."