निंबाखालची गाडी

सोमेश्वर दर रविवारी वसमतहून गाडी घेऊन गावी यायचा. आईला, शकुबाईला, गोळ्या द्यायचा, शेतात चक्कर मारायचा आन् लगेच परत निघायचा. पण तोवर निंबाखालच्या गाडीवर पाखरांनी घाण केलेली असायची. तसंच घासलं तर रंगावर ओरखडे उठतात, म्हणून डागांवर ओलं फडकं टाकून तो ओट्यावर टेकायचा. तेवढ्यात शकुबाई चहा ठेवायची, नातवंडांचं विचारून घ्यायची.

"लई पाखरं झाली निंबावर, माय."

"व्हय बापा. काहून येऊन राहिलीत कोण जाणे."

या रविवारी शेताकडं जाण्याआधी त्यानं गाडीवर नवं कव्हर चढवलं. "आता तकलीफ न्हाई, माय. आलो की लगेच निघतो."



तो शेताकडं गेल्यावर शकुबाईनं पदराआड धरलेली मूठभर ज्वारी परत डब्यात टाकली.