उघडं दार

भूगोलाचे सर मुख्याध्यापक झाले आणि पहिल्याच सभेत म्हणाले, "खुर्ची बदलली तरी मी तुमच्यातलाच आहे. माझं दार सगळ्यांसाठी कायम उघडं." नुसत्या तोंडाच्या वाफा नकोत म्हणून त्यांनी लगेच सुताराला बोलावलं आणि आपल्या खोलीचं दार पाटी-बिजागऱ्यांसकट काढायला लावलं. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या त्यांचे जिवलग मित्र, गणिताचे सर यांनी. "दाराचं मी बघतो रे, तू शाळेचं बघ," असंही तेच म्हणाले.

त्यानंतर मधल्या सुट्टीत मुख्याध्यापक रोज डबा पुढ्यात ठेवून वाट बघत बसायचे. आत यायचा तो फक्त वारा. एकदा मांजर आलं, पण तेही डबा हुंगून निघून गेलं.

शेवटी एके दिवशी ते स्वतःच डबा उचलून शिक्षकांच्या खोलीकडे निघाले. इतकी वर्षं ते तिथेच सगळ्यांबरोबर जेवले होते आणि त्या खोलीला कधी दार नव्हतं. आज होतं. आतून कडी होती आणि हसून हसून कुणाला तरी ठसका लागला होता. त्यांनी टकटक केली, तसा ठसकासुद्धा थांबला.

"अरे, मी आहे. डबा आणलाय."

आतून गणिताच्या सरांचा आवाज आला, "बाहेरची पाटी वाच की."

 

पाटीवर लिहिलं होतं: 'परवानगीशिवाय आत येऊ नये. हुकमावरून, मुख्याध्यापक.'