जागं झाल्यावर

झाकण उघडून लॅपटॉप जागा केला, की आतला पंखा घरघरायचा आणि टेबलसुद्धा तापायचं. ह्यांच्या पश्चात तो माझ्याकडे आला, पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. लेकीने फोनवर सांगितली तशी बटणं दाबली, तर कुठला प्रोग्राम किती राबतोय याची यादी उघडली. "आई, सगळ्यात वर काय दिसतंय?" "नव्वद टक्के. चांगले की वाईट?" "शाळेत चांगले, इथे वाईट! नाव वाच." मी वाचलं. "अगं, जागा झाला की तो बाबांचा फोन शोधतो, फोटो उतरवायला. मिळत नाही, म्हणून शोधतच राहतो. काढून टाक तो प्रोग्राम." माझं बोट अडखळलं. मीही उठल्यावर आधी ह्यांच्या खोकल्याची चाहूल घेते. कपाटातला ह्यांचा फोन चार्जिंगला लावून शेजारी ठेवला. तो सुरू होताच पंखा शांत झाला. "काढलास?" "नाही गं. भेट घालून दिली."