एका ओळीची फाइल

कारेगावच्या कारखान्यात नवं सॉफ्टवेअर लोड होईना. त्याला एका ठरावीक कंपनीचीच लिनक्स ही संगणकप्रणाली हवी होती; मशीनवर दुसऱ्या कंपनीची होती. तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या करुणानं मशीनमधली, लिनक्सचं नाव आणि व्हर्जन सांगणारी एका ओळीची फाइल उघडली आणि त्या कंपनीचं नाव लिहिलं. सॉफ्टवेअर निमूट लोड झालं.

"म्हंजी आत काय हाय ते बघतच न्हाई?" सुपरवायझर विक्रमनं विचारलं.

"न्हाई. नुसतं नाव वाचतं."

मग तिनं जुनं नाव परत लिहिलं.

"आता कशाला? चालतंय की."

"चालतंय ना? मग सोताच्या नावानं चालू दे."

संध्याकाळी तिनं भाड्याच्या खोलीच्या दारावर पाटी लावायला घेतली : करुणा ओव्हाळ.

घरमालक जवळ आला. "तीन महिने तर पवार व्हतात की तुम्ही."

"व्हय. ओव्हाळला कुणी खोली देत न्हवतं," ती म्हणाली आणि दुसरा खिळा ठोकला.